भविष्यकाळ आणि विध्यर्थ : युद्धातल्या इस्रायलविषयी जर्मनी कसे बोलते

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघातील सत्तावीस देशांचे प्रमुख एका शब्दाच्या वचनावर बराच वेळ खल करत होते. गाझामध्ये अन्न आणि औषधे पोहोचावीत यासाठी बॉम्बहल्ल्यांमध्ये एक विराम असावा असे म्हणायचे की अधूनमधून विराम असावेत असे म्हणायचे, हा तो प्रश्न होता. एकवचन युद्धबंदीच्या फार जवळ जाते आणि इस्रायलच्या स्वसंरक्षणाच्या अधिकाराला त्याने बाध येतो, असे जर्मनीसह काही देशांना वाटत होते. अखेर अनेकवचनी शब्द मंजूर झाला. मराठीत ‘विराम’चे अनेकवचन ‘विराम’च होते, त्यामुळे नुसता शब्द भाषांतरित करून दिला तर आपल्या वाचकाला हा वाद दिसणारही नाही. त्या दिवसापर्यंत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार सात हजारांवर माणसे मारली गेली होती, आणि हमासने ७ ऑक्टोबरला ठार केलेल्या सुमारे बाराशे लोकांच्या घरी सुतक संपले नव्हते. पळवून नेलेल्या २५१ जणांपैकी बहुतेक जण अजून गाझामध्येच होते.

त्याच बैठकीला जाताना जर्मनीचे तेव्हाचे चान्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, ओलाफ शोल्त्स यांनी पत्रकारांना जे सांगितले, ते मला त्या वचनाच्या वादापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. इस्रायल हे अतिशय मानवतावादी तत्त्वांनी चालणारे लोकशाही राष्ट्र आहे, त्यामुळे त्याचे सैन्य जे काही करील त्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम पाळेल याची खात्री बाळगता येईल, आपल्या मनात त्याविषयी शंका नाही, अशा आशयाचे ते विधान होते. यातले ‘पाळेल’ हे क्रियापद भविष्यकाळी आहे. युद्धात उतरलेल्या मित्राला ‘तू नियम पाळावेस’ असे सांगणे हा विध्यर्थ झाला, आणि ‘तो नियम पाळेल’ असे जगाला सांगणे ही हमी झाली. विध्यर्थात सांगणाऱ्याच्या हाती मोजपट्टी राहते. उद्या मित्र चुकला तर तीच मोजपट्टी दाखवून त्याला थांबवता येते. हमी देणारा मात्र जामीन राहिलेला असतो. ऋणको हप्ते चुकवू लागला हे जामीनदाराला सर्वांच्या आधी कळले, तरी ते बोलून दाखवणे त्यालाच सर्वांत अवघड जाते, कारण मग स्वतःच्या सहीचाही हिशेब द्यावा लागतो. गेल्या काही वर्षांत जर्मन सरकारची इस्रायलविषयीची भाषा जिथे जिथे अडखळली, तिथे तिथे मला हा जामीनदार दिसतो, आणि एका लोकशाही सरकारने युद्धात असलेल्या मित्राविषयी ही भूमिका घेऊ नये असे माझे मत आहे.

ही भाषा एका रात्रीत तयार झालेली नाही. १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्गमध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सेलर कोनराड आडेनाउअर आणि इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेट यांनी भरपाईच्या करारावर सह्या केल्या आणि पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क देण्याचे मान्य केले. राजनैतिक संबंध जुळायला १९६५ साल उजाडले. पुढे कील येथे बांधलेल्या पाणबुड्या, काही प्रमाणात जर्मन खजिन्यातून पैसा घालून, इस्रायलच्या नौदलात गेल्या. अलीकडे देवघेव उलट्या दिशेनेही होते : २०२३ मध्ये जर्मनीने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरची ‘ॲरो ३’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा इस्रायलकडून घेण्याचा करार केला. या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र कधीच नव्हती, ती म्हणजे परस्पर संरक्षणाचा करार. नाटोच्या सदस्यांविषयी जर्मनीची बांधिलकी कलमांत लिहिलेली आहे. इस्रायलविषयीची बांधिलकी मुख्यतः भाषणांत आहे. एखादे नाते जेव्हा करारापेक्षा बोलण्यावर अधिक उभे असते, तेव्हा कोण काय आणि कसे बोलतो याचे मोल इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी वाढते.

२००५ मध्ये इस्रायलमधील जर्मन राजदूत रुडॉल्फ ड्रेसलर यांनी एका लेखात इस्रायलचे सुरक्षित अस्तित्व हा जर्मनीच्या ‘श्टाट्सरेझाँ’चा भाग असल्याचे म्हटले, आणि १८ मार्च २००८ रोजी तेव्हाच्या चान्सेलर आंगेला मेर्केल यांनी तो शब्द थेट क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, उच्चारला. त्या जर्मन भाषेत बोलल्या आणि काही सदस्यांना ती भाषा त्या सभागृहात ऐकणेही असह्य वाटले. जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी हा आपल्या देशाच्या श्टाट्सरेझाँचा भाग आहे, म्हणून इस्रायलची सुरक्षा आपल्यासाठी कधीही वाटाघाटीचा विषय होऊ शकत नाही, आणि कसोटीच्या क्षणी हे पोकळ शब्द ठरता कामा नयेत, असे त्या म्हणाल्या. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द शोधताना माझी गाडी ‘राज्यहित’, ‘राष्ट्रहित’ अशा थांब्यांवरून पुढे जाऊन आपल्या जुन्या ‘राजकारण’ या शब्दापाशी थांबते. राज्याचे कारण, राज्याचे प्रयोजन, ज्यासाठी राज्य इतर नियम बाजूला ठेवील ते. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘राजकारण’ हा शब्द गुप्त मसलतीसाठी, फडावर न बोलायच्या व्यवहारासाठी वापरलेला आढळतो, आणि श्टाट्सरेझाँ या कल्पनेलाही सोळाव्या शतकातल्या इटलीपासून तोच वास आहे : कायदा आणि नीती यांच्या पलीकडे राज्याला टिकण्यासाठी जे करावे लागते ते. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे त्यांच्या राज्यघटनेत, हा शब्द कुठेही नाही. मेर्केल यांच्या त्या भाषणानंतर चार वर्षांनी, २०१२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक जेरुसलेमला गेले असता त्यांनीच सावधपणे सुचवले होते की हे वाक्य प्रत्यक्षात उतरवायची वेळ आली तर चान्सेलर मोठ्या अडचणीत येऊ शकतात. त्या सूचनेकडे फार कोणी लक्ष दिले नाही.

जर्मनीने इस्रायलविषयी तटस्थपणे बोलावे असे मला मुळीच वाटत नाही. ज्या राज्याने साठ लाख ज्यू माणसांना यादी करून, आगगाड्यांत भरून, यंत्रवत मारले, त्या राज्याच्या वारसाला ज्यूंच्या सुरक्षिततेविषयी ‘दोन्ही बाजू’ अशा सुरात बोलण्याचा अधिकार नाही. ७ ऑक्टोबरला झालेले हत्याकांड हे त्या नरसंहारानंतर एकाच दिवशी झालेले ज्यूंचे सर्वांत मोठे हत्याकांड होते. त्यानंतर दोन आठवडेही होत नाहीत तोच बर्लिनमधील एका सिनेगॉगवर, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहावर, पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. त्याआधी २०१९ मध्ये हाले शहरात योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी बंदूक घेऊन आलेल्या माणसाला सिनेगॉगच्या दाराने अडवले म्हणून आतली माणसे वाचली. ही भीती खरी आहे. आपल्याकडूनही इस्रायलकडे पाहताना ती पूर्णपणे परकी वाटू नये : कोकणातल्या गावांतून गेलेले बेने इस्रायली ज्यू अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना अशा ठिकाणी राहतात, त्यांच्यातले वडीलधारे आजही घरी मराठी बोलतात, आणि दक्षिणेकडे रॉकेटचा भोंगा वाजला की आडोसा शोधणाऱ्यांत तेही असतात. म्हणून १२ ऑक्टोबर २०२३ रोजी शोल्त्स बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, म्हणाले की या क्षणी जर्मनीची जागा एकच आहे आणि ती इस्रायलच्या शेजारी आहे, तेव्हा त्या वाक्यात मला काही वावगे दिसत नाही. दुःखात शेजारी जाऊन उभे राहावे. प्रश्न त्यानंतरचा आहे : ज्या मित्राच्या शेजारी आपण उभे आहोत त्याच्या हातून काय घडते आहे ते शेजारून अधिक स्पष्ट दिसते, आणि दिसलेले सांगायचे की नाही.

इथे जर्मन सरकारचे इतर ठिकाणचे बोलणे आठवणे भाग आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये युक्रेनमधील बुचा गावातील मृतदेहांची छायाचित्रे आली, तेव्हा शोल्त्स यांनी त्याच दिवशी रशियन सैन्याच्या गुन्ह्यांची कठोर चौकशी व्हावी असे म्हटले. ‘रशियन सैन्य’ हा कर्ता त्या वाक्यात स्पष्ट होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाने युक्रेनची वीजकेंद्रे उद्ध्वस्त केली, तेव्हा युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष आणि पूर्वी जर्मनीच्या संरक्षणमंत्री राहिलेल्या उर्सुला फॉन डेर लायन यांनी हिवाळ्याच्या तोंडावर पुरुष, स्त्रिया आणि मुलांचे पाणी, वीज, ऊब तोडणे हे युद्धगुन्हे आहेत, निव्वळ दहशत आहे, असे लिहिले. सुमारे एका वर्षाने, ९ ऑक्टोबर २०२३ रोजी, इस्रायलचे संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांनी गाझाची संपूर्ण नाकेबंदी जाहीर केली : वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. रशियाचे युद्ध आणि इस्रायलचे युद्ध यांची सुरुवात सारखी नाही; एकाने शेजाऱ्यावर आक्रमण केले, दुसऱ्यावर हल्ला झाला होता. परंतु नागरिकांचे पाणी तोडण्याविषयीचा नियम युद्ध कोणी सुरू केले यावर अवलंबून नसतो, आणि तो तसा नसावा यासाठीच तो लिहिला गेला. त्या नियमाचा उच्चार एका ठिकाणी तत्काळ आणि दुसऱ्या ठिकाणी महिनोन्‌महिन्यांनी होतो, तेव्हा जगातले बाकीचे लोक नियमापेक्षा विलंबच लक्षात ठेवतात.

याहून बोचणारे उदाहरण हेगचे आहे. म्यानमारने रोहिंग्यांचा नरसंहार केला असा खटला गांबियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केला आहे. त्यात १५ नोव्हेंबर २०२३ रोजी जर्मनीने ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांच्यासह आपली बाजू लेखी मांडली. नरसंहाराचा हेतू होता की नाही हे ठरवताना न्यायालयाने पुराव्याची अट अशक्य कोटीतली ठेवू नये, आणि बळींमध्ये मुले असतील तर त्याला विशेष महत्त्व द्यावे, असा त्या मांडणीचा रोख होता. चांगली, विचारपूर्वक केलेली मांडणी होती ती. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच १२ जानेवारी २०२४ रोजी जर्मन सरकारने जाहीर केले की दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर केलेल्या नरसंहाराच्या आरोपाला कसलाही आधार नाही आणि या खटल्यात जर्मनी त्रयस्थ पक्ष म्हणून उतरेल. न्यायालयातील तोंडी युक्तिवाद त्याच दिवशी संपले होते. आरोप सिद्ध होणार नाही असे जर्मनीला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तसे मत मांडण्याचा त्याला हक्क होता; कित्येक कायदेपंडितांचे तेव्हा तसे मत होतेही. पण ‘कसलाही आधार नाही’ हे शब्द न्यायाधीशांचे असतात. दुसऱ्या दिवशी नामिबियाचे राष्ट्राध्यक्ष हागे गाइनगोब यांनी जर्मनीला १९०४ ते १९०८ या काळात आपल्या भूमीवर झालेल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या संहाराची आठवण करून दिली. जर्मनीने तो संहार नरसंहार होता हे २०२१ मध्ये, एका शतकाहून अधिक काळाने, आणि तेही ‘आजच्या दृष्टिकोनातून’ असा शब्द जोडून मान्य केले होते. स्वतःच्या इतिहासामुळे आपल्याला या विषयात विशेष अधिकार मिळतो असे जर्मनी म्हणत होते, आणि त्याच इतिहासाचा दुसरा भाग ज्यांच्या अंगावर उमटला आहे ते लोक तो दावा ऐकून थक्क झाले होते. २६ जानेवारीला न्यायालयाने गाझातील मदत आणि नागरिकांचे रक्षण यांविषयी तात्पुरते आदेश दिले, तेव्हा परराष्ट्रमंत्री आनालेना बेअरबॉक यांनी ते बंधनकारक असल्याचे सांगितले, याची नोंद घेणे न्यायाचे आहे.

शस्त्रांच्या बाबतीत बोलणे आणि करणे यांच्यातली फट आणखी रुंद आहे. २०२३ मध्ये जर्मनीने इस्रायलला ३२६.५ दशलक्ष युरोंच्या शस्त्रसामग्रीच्या निर्यातीला परवानगी दिली, आधीच्या वर्षीच्या जवळपास दहापट. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत इस्रायलने आयात केलेल्या मोठ्या शस्त्रांपैकी सुमारे तीस टक्के जर्मन होती. अमेरिकेनंतर दुसरा क्रमांक. मार्च २०२४ मध्ये निकाराग्वाने जर्मनीलाच न्यायालयात खेचले. एप्रिलअखेर न्यायालयाने तातडीचे आदेश द्यायला पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी नकार दिला, पण खटला मोडीत काढला नाही, आणि नकाराच्या कारणांत जर्मनीच्या परवान्यांचे आकडे घटल्याची बाब होती. म्हणजे हेगमध्ये जर्मनीचा बचाव असा होता की आम्ही आता फारसे देत नाही. ऑगस्ट २०२४ पर्यंत त्या वर्षाच्या परवान्यांची एकूण रक्कम १४.५ दशलक्ष युरोंवर आली होती आणि त्यात प्रत्यक्ष युद्धशस्त्रांचा वाटा नगण्य होता. पुरवलेली शस्त्रे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसारच वापरू अशी लेखी हमी बर्लिनने इस्रायलकडे मागितल्याच्या बातम्या आल्या. मग विरोधी पक्षाने बुंडेस्टागमध्ये सरकारला धारेवर धरले, आणि १० ऑक्टोबर २०२४ रोजी शोल्त्स यांनी उत्तर दिले : आम्ही शस्त्रे दिली आहेत आणि देणार आहोत.

या प्रसंगाचा विचार करताना मला जर्मन नोकरशाहीविषयी आदर वाटतो आणि जर्मन राज्यकर्त्यांविषयी खंत. १९६१ च्या युद्धशस्त्र नियंत्रण कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की परवानगी दिल्याने जर्मनीच्या आंतरराष्ट्रीय कायद्याखालील कर्तव्यांचा भंग होईल असे मानायला जागा असेल तर परवानगी नाकारलीच पाहिजे. परवाने घटले यामागे कुठेतरी कुणीतरी हे कलम वाचून शंका उपस्थित केली असावी असे मला वाटते. म्हणजे कायदा आपले काम करत होता. परंतु त्याचे नाव घेण्याची सोय सरकारने आपल्या भाषेत ठेवली नव्हती, कारण ‘वाटाघाटीचा विषय नाही’ असे एकदा म्हटल्यावर ‘अमुक अटीवर’ हे शब्द उच्चारणे म्हणजे वचनभंग ठरला असता. परिणामी जे योग्य होते ते लपून करावे लागले आणि जे छातीठोकपणे सांगितले गेले ते अर्धेच खरे होते. लपून केलेल्या गोष्टीने मित्राला नेमका संदेश जात नाही, आणि मायदेशातल्या मतदारालाही आपले सरकार कोणत्या तत्त्वावर वागते हे कळत नाही. १० ऑक्टोबरच्या त्याच चर्चेत बेअरबॉक यांनी, हमासचे लोक शाळांच्या आड लपले तर नागरी जागाही आपले संरक्षण गमावू शकतात, आणि इस्रायलच्या सुरक्षेचा आमच्यासाठी हाच अर्थ आहे, असे म्हटले. कायद्याच्या पुस्तकात या विधानाला आधार आहे, पण अटींसह : अशा जागीही होणारी नागरिकहानी लष्करी लाभाच्या प्रमाणाबाहेर नसावी, आणि शंका असल्यास जागा नागरीच समजावी. वाक्याचा पूर्वार्ध तेवढा व्यासपीठावर आला आणि उत्तरार्ध कायद्याच्या पुस्तकात राहिला.

मे २०२५ मध्ये चान्सेलर झालेल्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी या भाषेत काही काळ बदल केला, आणि तो बदल तपासून पाहण्यासारखा आहे. २ मार्चपासून इस्रायलने गाझात जाणारी मदत पूर्णपणे अडवली होती. ५ मार्चला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एकत्रित निवेदनात म्हटले की अशा बंदीमुळे आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा भंग होण्याचा धोका आहे. ‘भंग झाला’ असे नव्हे, ‘भंग होण्याचा धोका’. जवळपास बारा आठवड्यांनी, २६ मे रोजी, मेर्त्स म्हणाले की इस्रायलचे सैन्य गाझात जे करते आहे त्याचा उद्देश आपल्याला प्रांजळपणे सांगायचे तर कळेनासा झाला आहे, नागरिकांच्या या हालांचे हमासविरुद्धच्या लढ्याने समर्थन होऊ शकत नाही, आणि मानवतावादी कायदा खरोखर मोडला जातो तेव्हा जर्मन चान्सेलरनेही बोलले पाहिजे. शेवटच्या भागात कायद्याचे नाव आले, हे मला महत्त्वाचे वाटले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ जून रोजी, कॅनडात जी-७ च्या बैठकीच्या वेळी इराणवरच्या हल्ल्यांविषयी मुलाखतकाराने वापरलेला शब्द उचलत ते म्हणाले की हे घाणेरडे काम इस्रायल आपल्या सर्वांसाठी करते आहे. घाणेरडे काम दुसऱ्याने करावे आणि आपण स्वच्छ हातांनी आभार मानावेत, अशा शब्दांत मित्राचा गौरव होत नाही, उलट त्याला आपल्या दाराबाहेर उभे केले जाते. जर्मनीच्या सरकारप्रमुखाने ज्यू राष्ट्राविषयी तो शब्द वापरावा याचे मला आजही दुःख वाटते.

८ ऑगस्ट २०२५ रोजी, गाझा शहर ताब्यात घेण्याचा निर्णय इस्रायलच्या मंत्रिमंडळाने घेतल्यावर, मेर्त्स यांनी गाझात वापरता येतील अशा शस्त्रांच्या नव्या परवान्यांना स्थगिती दिली. त्यांच्या स्वतःच्या आघाडीत, विशेषतः बव्हेरियातील सहपक्षात, नाराजी उमटली, आणि ती सोसून घेतलेला निर्णय म्हणून त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण निवेदनातले कारण काय होते? अधिक कठोर कारवाईतून हमासचे निःशस्त्रीकरण आणि ओलिसांची सुटका ही उद्दिष्टे कशी साध्य होणार हे दिवसेंदिवस कमी स्पष्ट होत आहे, हे. म्हणजे आक्षेप पुन्हा उपयुक्ततेचा. उद्दिष्ट साध्य होताना दिसले असते तर? साठ हजारांवर मृत्यू नोंदले गेले होते, आणि दोनच आठवड्यांनी गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे अन्नसुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मोजमाप करणाऱ्या यंत्रणेने जाहीर केले. भुकेचा प्रश्न ‘उद्देश कळत नाही’ या वाक्यात बसत नाही. ऑक्टोबरमध्ये युद्धविराम झाला आणि २४ नोव्हेंबरपासून स्थगिती उठली. परिस्थिती बदलली म्हणून निर्णय बदलला, असे सांगितले गेले. जो निर्णय परिस्थितीवर आधारला होता तो परिस्थितीबरोबर गेला. कायद्यावर आधारला असता तर तो उठवण्यापूर्वी आधीच्या वर्तनाची चौकशी झाली का हे विचारावे लागले असते.

मित्राला चारचौघांत बोलू नये, दार लावून बोलावे, हा यावरचा सर्वांत भारदस्त आक्षेप आहे. जर्मन मुत्सद्दी सांगतात की आमचे ऐकले जाते कारण आम्ही ओरडत नाही, आणि मदतीच्या ट्रकांची संख्या वाढवण्यात, ओलिसांच्या सुटकेत अशा शांत बोलण्याचा वाटा होता. असेलही. दार लावून बोललेले यशस्वी झाले की नाही हे बाहेरच्याला मोजता येत नाही, आणि म्हणूनच मी त्याला खोडून काढत नाही. पण शांत मुत्सद्देगिरीला गप्प राहणे पुरते. जगासमोर हमी देणे, संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात तटस्थ राहणे, न्यायालयाआधी निकाल सांगणे ही शांतता नव्हे, तेही जाहीर बोलणेच आहे. मार्च २०२४ मध्ये शोल्त्स जेरुसलेममध्ये बेंजामिन नेतान्याहूंच्या शेजारी उभे राहून म्हणाले होते की उद्दिष्ट कितीही महत्त्वाचे असले तरी त्यासाठी इतकी भयंकर किंमत समर्थनीय ठरू शकते का. तो प्रश्न सभ्य होता, स्पष्ट होता, आणि त्याने मैत्री तुटली नाही. दुर्दैवाने त्या प्रश्नाचे उत्तर काय मिळाले आणि त्यावर जर्मनी काय करणार, हे पुढे कोणी सांगितले नाही.

शिवाय मित्र म्हणजे कोण, हेही ठरवावे लागेल. २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतील बदलांविरुद्ध महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरलेले लाखो इस्रायली, सरकारने तडजोड करावी म्हणून आक्रोश करणारी ओलिसांची कुटुंबे, मे २०२५ मध्ये आपला देश युद्धगुन्हे करत असल्याचे जाहीरपणे लिहिणारे माजी पंतप्रधान एहूद ओल्मर्ट, हेही इस्रायलच आहेत. बर्लिन जेव्हा ‘इस्रायल’ म्हणते आणि मनात तिथले त्या दिवशीचे मंत्रिमंडळ धरते, तेव्हा ते या लोकांची साथ सोडते. त्यांना बाहेरच्या आवाजाची गरज होती, आणि ज्याच्यावर शत्रुत्वाचा आरोप करणे सर्वांत कठीण होते तो आवाज जर्मनीचा होता.

जर्मनीच्या आतही ‘श्टाट्सरेझाँ’ या शब्दाने हातपाय पसरले आहेत. जून २०२४ पासून लागू झालेल्या नागरिकत्व कायद्याने राहण्याची अट पाच वर्षांवर आणली आणि त्याच वेळी अर्जदाराकडून नाझी राजवटीच्या अन्यायाविषयी, विशेषतः ज्यू जीवनाच्या रक्षणाविषयी, जर्मनीची खास ऐतिहासिक जबाबदारी मान्य असल्याची कबुली घ्यायला सुरुवात केली. साक्सनी-आनहाल्ट या राज्याने त्याआधीच इस्रायलच्या अस्तित्वाच्या हक्काची लेखी कबुली मागायला प्रारंभ केला होता. म्युनिक, श्टुटगार्ट, बर्लिन अशा शहरांत नोकरीनिमित्त गेलेली, तिथे गणपती बसवणारी आणि आता भारताचा पासपोर्ट परत करून तिथले होण्याचा विचार करणारी मराठी कुटुंबे या कागदावर सही करतात. ती सही मी आनंदाने करीन, कारण त्या मजकुरात ‘ज्यू जीवन’ आहे, कोणत्याही सरकारच्या युद्धाचे समर्थन नाही. राज्य नव्या नागरिकाशी बोलताना शब्द इतके तोलून वापरू शकते, तर मित्राच्या युद्धाविषयी बोलताना का नाही?

गाझातील काही पॅलेस्टिनींनी बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जर्मन शस्त्रपरवान्यांविरुद्ध तातडीची दाद मागितली होती, ती २०२४ मध्ये फेटाळली गेली. परराष्ट्र धोरणात जर्मन न्यायालये सरकारला मोठी मोकळीक देतात, आणि म्हणून सरकारने स्वतः वापरलेल्या शब्दांखेरीज त्याला बांधणारे फारसे काही उरत नाही. ते शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. मूलभूत कायद्याचे पंचविसावे कलम सांगते की आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वसाधारण नियम हे संघराज्याच्या कायद्याचाच भाग आहेत, ते इतर कायद्यांहून वरचे आहेत, आणि संघराज्याच्या भूमीवर राहणाऱ्यांसाठी ते थेट हक्क आणि कर्तव्ये निर्माण करतात. तिथे ‘नागरिक’ असा शब्द नाही, ‘राहणारे’ असा आहे; नागरिकत्वाचा अर्ज अजून भरायचा असलेल्या मराठी माणसालाही तो लागू होतो, आणि चान्सेलरलाही.